जुने हायफाय स्पीकर आणि ॲम्प्लिफायर: दुरुस्ती आणि ऐकणं

जुना हायफाय म्हणजे ढोबळमानाने १९५० ते १९८० च्या दशकांत घरात गाणी ऐकायला बनलेले ॲम्प्लिफायर (ॲम्प), रिसीव्हर (रेडिओसकट ॲम्प) आणि लाकडी पेटीतले स्पीकर. बंद पडलेलं जुनं मशीन सहसा मेलेलं नसतं, त्यातले ठराविक चार-पाच प्रकारचे पार्ट वयाने थकलेले असतात, तेवढे ओळखून बदलले की ट्रान्सफॉर्मर, चुंबक, पेटी हे सगळं बहुतेक वेळा अजून ठणठणीत निघतं, आणि या छंदाचा सगळा जीव याच गोष्टीत आहे.

चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल आणि तिला चिकटलेला कागदी कोन, ही आपल्या नेहमीच्या स्पीकरची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली, ती मुळात आजही तीच आहे. घरातला स्पीकर लहान झाला तो एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या १९५४ च्या एआर-१ मुळे. एडगर व्हिलचरने वूफर (बास वाजवणारा मोठा कोन) हवाबंद पेटीत बसवला आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं, मग कपाटाएवढ्या पेटीशिवाय खोल बास मिळायला लागला. क्वाड कंपनीचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर पारच वेगळा, त्यात कोन नाहीच, ताणलेला पातळ पडदा हलतो, आणि माणसाचा आवाज त्यावर इतका मोकळा येतो की एकदा तरी ऐकाच. ॲम्पमध्ये आधी व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) होते, डायनॅको कंपनीचा एसटी-७० (१९५९) चार ईएल३४ व्हॉल्व्हवर चॅनलला ३५ वॉट द्यायचा. पुढे ट्रान्झिस्टर आले. वॉटचा आकडा जाहिरातीत कसा द्यायचा याचा नियम अमेरिकेत १९७४ मध्ये झाला, म्हणून त्यानंतरच्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवता येतो, उदाहरणार्थ पायोनियर एसएक्स-१२५० (१९७६) चे चॅनलला १६० वॉट.

स्पीकरमध्ये सगळ्यात आधी जातं ते फोमचं सराउंड, म्हणजे कोनाच्या कडेची मऊ वळी. हा फोम हवेतल्या दमटपणाने हळूहळू कुजतो आणि मग बोट लावलं तरी काळा चिकट भुगा हाताला येतो. रबराचं किंवा कापडाचं सराउंड असेल तर ते बरेचदा अजून चांगलं असतं, त्याला उगाच हात लावू नये. रिफोमिंगमध्ये, म्हणजे नवं फोम सराउंड लावण्यात, वेळ जातो तो जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपाइल अल्कोहोलने सोडवण्यात, कोनाचा कागद न फाडता, आणि इथे घाई केली की वूफर गेला. नवी रिंग आधी कोनाला चिकटवायची, मग मधली टोपी कापून कॉइल आणि मधल्या खांबाच्या फटीत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या घालायच्या म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते, मग बाहेरची कड चिकटवायची आणि रात्रभर सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ, अगदी हलके आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. कागदावर नख फिरवल्यासारखी बारीक खरखर आली तर कॉइल घासतेय, म्हणजे परत सोडवून परत बसवा. काही ऐकू आलं नाही तर नवी टोपी लावून टाका. हवाबंद पेटीत वूफर बसवल्यावर अजून एक तपासणी असते, कोन हळूच दाबून सोडला की तो सावकाश परत यायला हवा, टुणकन आला तर पेटीतून हवा गळतेय.

ट्वीटर (उंच पट्टीचे आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर) वाजत नाही म्हणून लगेच फेकू नका. मल्टीमीटरवर ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण ५ ते ७ ओहम दाखवतो, तेवढं दिसलं तर कॉइल शाबूत आहे आणि दोष क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर-ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, शोधायचा. एआरच्या जुन्या स्पीकरमध्ये मागचे लेव्हल कंट्रोल गंजतात आणि ट्वीटर गप्प होतो, हे फार नेहमीचं आहे.

ॲम्प उघडण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठा सपाट करणाऱ्या, वीज साठवणाऱ्या पार्टमध्ये) चार्ज राहतो, व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये तर ४०० व्होल्टच्याही वर, आणि तो जीव घेऊ शकतो, म्हणून आधी रेझिस्टरने उतरवायचा आणि मीटरने खात्री करायची. वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेट थेट मेन्सला लावू नये. वायरच्या मध्ये सिरीजमध्ये जुना तारेचा बल्ब लावा (एलईडी चालत नाही): क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं हा तर आगीला आवतण देण्याचा प्रकार आहे. मग स्पीकर न जोडता आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) मोजायचा, ५० मिलिव्होल्टच्या आत असला तर बरं, एक-दोन व्होल्ट दिसले तर तो ॲम्प वूफर जाळणार.

नॉब फिरवताना येणारी खरखर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा पुरा फिरवायचा. गुणगुण मात्र सहसा सुकलेल्या फिल्टर कपॅसिटरची असते. सरसकट सगळे कपॅसिटर बदलणारे लोक असतात, मला ते पटत नाही, कारण सोल्डरचे चाळीस डाग सोडवून परत मारताना बोर्डावरचा एखादा तांब्याचा ट्रॅक उखडतोच आणि मग मूळ दोष कुठला होता हेही कळत नाही. मोजा, खराब तेवढा बदला, व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त ठेवा, एकेक करून वाजवून बघा.

ऐकताना ॲम्प आणि स्पीकरची जोडी जुळवावी लागते. सेन्सिटिव्हिटी म्हणजे तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर जेवढा आवाज १० वॉटवर देतो तेवढ्यासाठी ८७ वाल्याला २० वॉट लागतात, म्हणून छोटा व्हॉल्व्ह ॲम्प आणि जास्त सेन्सिटिव्ह पेटी हे छान जमतं. जुन्या ॲम्पवरचं लाउडनेसचं बटण रात्री दाबा, हळू आवाजात आपल्या कानाला बास कमी ऐकू येतो आणि ते बटण तो भरून काढतं, मग शेजारी न उठवताही गाण्यातला डबल बास नीट हाताला लागतो.