भारघनता तरंग (विरल मृत्तिका ट्रायटेल्युराइडांतील)

विरल मृत्तिका धातूचा (लँथॅनम व त्याच्या मालिकेतील धातूंचा) एक आणि टेल्यूरियमचे तीन अणू असलेल्या स्तरित संयुगांत ठराविक तापमानाखाली इलेक्ट्रॉनांची घनता एका दिशेने आवर्ती रीतीने कमीजास्त होते व अणूही जागचे किंचित सरकतात; हाच भारघनता तरंग, म्हणजे विद्युतभाराच्या घनतेचा तरंग. एकमितीय धातूच्या अशा अस्थैर्याची भौतिकशास्त्रज्ञ पायर्ल्स यांची कल्पना सामान्यतः १९३०च्या दशकातली धरतात. तिची छापील मांडणी १९५५ची आहे.

लँथॅनम ते थुलियम (प्रोमेथियम, युरोपियम वगळून) ही मालिका ज्ञात आहे. टेल्यूरियमच्या चौरस जाळ्यांच्या जोड्या आणि त्यांमधले नागमोडी थर अशी रचना असते. तरंगसदिश (तरंगाची दिशा व तरंगलांबी सांगणारी राशी) जाळ्याच्या प्रतलातील सी अक्षावर व्यस्त जालकाच्या (स्फटिकाच्या आवर्तनाच्या गणिती रूपाच्या) एककाच्या सुमारे २/७ भरतो, पण त्याच्याशी नेमका जुळत नाही.

तरंगाचे मूळ वादग्रस्त आहे. फर्मी पृष्ठाचे (संवेग-अवकाशात इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या व रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेचे) समांतर भाग एकमेकांवर बसतात म्हणून तो उद्भवतो, हे जुने स्पष्टीकरण. प्रकाशाने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मापनांत त्या भागांवर मोठी ऊर्जाफट (इलेक्ट्रॉनांना अवस्थाच नसलेली ऊर्जेची पट्टी) दिसते, हा त्याचा भक्कम आधार. मात्र भौतिकशास्त्रज्ञ योहानेस व मझिन (२००८) यांच्या गणितानुसार खऱ्या धातूंत केवळ या जुळणीने तरंगाच्या अवस्थेत संक्रमण घडत नाही. टर्बियम संयुगावरील क्ष-किरण प्रकीर्णनातही (२०१५) फोनॉन (अणूंची सामूहिक कंपने) मृदू होण्यामागे, म्हणजे त्यांची वारंवारता घटण्यामागे, तरंगसदिशानुसार बदलणारे इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन (त्यांची परस्परक्रिया) महत्त्वाचे ठरले. दिशा नेमकी कशी निवडली जाते, हे या दुसऱ्या मताने अधिक चांगले उलगडते.

धातूचा अणू लहान होत जातो तसे संक्रमण तापमान उतरते : सॅमेरियम सुमारे ४१६, टर्बियम ३३६, थुलियम २४५ केल्व्हिन. पहिल्या तरंगातून फर्मी पृष्ठाचा जास्त भाग वाचत असल्याने जड धातूंत, डिस्प्रोशियमपासून पुढे, ए अक्षावर दुसरा तरंगही उमटतो. अर्बियममध्ये तो सुमारे १६० केल्व्हिनला येतो.

स्फटिक टेल्यूरियमच्याच वितळात वाढवतात. शंभर अणूंत सुमारे तीन अणू धातूचे घेऊन मिश्रण अ‍ॅल्युमिना मुशीत भरतात आणि मूस निर्वात क्वार्ट्झ नळीत सील करतात. मूस नसेल तर धातू क्वार्ट्झला खातो. ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून काही दिवसांत ५०० ते ६०० अंशांवर आणतात व उरलेला वितळ अपकेंद्री यंत्राने काढतात. उशीर झाला तर टेल्यूरियम ४५० अंशांच्या आसपास गोठते आणि पातळ चकत्या त्यातच अडकतात. धातू जास्त पडला तर डायटेल्युराइडसारखी शेजारची संयुगे वाढतात. चकत्या हवेत काळवंडतात. पावसाळ्यात त्या निर्वात शोषकपात्रातच (ओलावा शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये) ठेवाव्यात आणि मापनाआधी वरचा थर चिकटपट्टीने सोलावा.

ए व सी अक्षांची लांबी जवळपास सारखी असल्याने जुळे स्फटिक (ज्यांच्या भागांत ए व सी दिशांची अदलाबदल झालेली असते) ही नेहमीची अडचण. संक्रमणाला विद्युतरोधात येणारा उंचवटा ए दिशेत ठळक, सी दिशेत फिका असतो. जुळ्या नमुन्यात दोन्ही मिसळतात. म्हणून रोध मोजण्याच्या तारा जोडण्याआधी क्ष-किरण विवर्तनाने अक्ष निश्चित करावेत. विवर्तनचित्रात तरंगामुळे येणारे उपठिपके स्फटिकाच्या मूळ ठिपक्यांहून फार क्षीण असतात. त्यांच्यासाठी इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ (२.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन) सारखा तेजस्वी क्ष-किरण स्रोत उपयोगी पडतो.