‘पार्शल सक्सेस’ आणि ‘लिमिटेड सक्सेस’: अपुऱ्या यशाची दोन मापे

काही वर्षांपूर्वी एका स्वयंसेवी संस्थेच्या वार्षिक अहवालाचे मराठी भाषांतर तपासण्यासाठी माझ्याकडे आले होते. विहिरींच्या पुनर्भरणाबद्दलच्या प्रकरणाच्या शेवटी मूळ इंग्रजीत ‘द एफर्ट मेट विथ लिमिटेड सक्सेस’ असे वाक्य होते आणि त्यासमोर मराठीत ‘या प्रयत्नाला मर्यादित यश मिळाले’ असे लिहिलेले होते. दोनच पानांनंतर बंधाऱ्यांच्या कामाला ‘अ पार्शल सक्सेस’ म्हटले होते आणि तेथेही मराठीत ‘मर्यादित यश’ हेच शब्द होते. शब्दकोश पुढे ठेवून पाहिले, तर दोन्ही ठिकाणी भाषांतरकाराला दोष देता येणार नाही. तरीही मूळ लेखकाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि मराठी वाचकाच्या हाती एकच गोष्ट पडत होती.

दोन्ही शब्दप्रयोगांत यश अपुरे आहे, एवढे साम्य खरे. फरक आहे तो ते कोणत्या बाजूने अपुरे आहे यात. शाळेतल्या गणिताच्या पेपराचे उदाहरण घेऊ. एका मुलाने दहा गणितांपैकी सहा अचूक सोडवली आणि चार कोरी सोडली. दुसऱ्याने दहाही गणितांना हात घातला, पण प्रत्येक गणित दोन-तीन पायऱ्यांनंतर सोडून दिले. पहिल्याच्या बाबतीत काय जमले आणि काय राहिले हे बोट ठेवून दाखवता येते, ते ‘पार्शल’. दुसऱ्याच्या बाबतीत सगळीकडे थोडे थोडे जमले आहे आणि पुरते असे काहीच जमलेले नाही, ते ‘लिमिटेड’. ‘पार्शल’ म्हणायचे असेल, तर उद्दिष्टाचे तुकडे पाडता आले पाहिजेत. ‘लिमिटेड’ला त्याची गरज नसते, कारण तो शब्द यशाची पातळी सांगतो आणि ती अपेक्षेच्या खाली राहिल्याचे सुचवतो.

इस्रोची चांद्रयान-२ मोहीम हे ‘पार्शल’चे स्वच्छ उदाहरण आहे. २२ जुलै २०१९ रोजी यान निघाले, ऑर्बिटर चंद्राभोवतीच्या कक्षेत नीट स्थिरावला, आणि ७ सप्टेंबरच्या पहाटे ‘विक्रम’ लँडर चंद्राच्या पृष्ठभागापासून अवघ्या २.१ किलोमीटरवर असताना त्याच्याशी संपर्क तुटला. ऑर्बिटर साधला, लँडर गेला. मधली रेषा इतकी ठळक आहे की ‘पार्शल सक्सेस’ म्हटल्यावर कोणता भाग हे विचारावे लागत नाही. मोहिमेची ९० ते ९५ टक्के उद्दिष्टे पूर्ण झाल्याचे इस्रोने त्याच दिवशी सांगितले होते. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो समजण्यासारखा होता, कारण घरोघरी टीव्हीसमोर जागत बसलेल्या लोकांच्या दृष्टीने मोहीम म्हणजे चंद्रावर उतरणे, तर शास्त्रज्ञांच्या यादीत प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र कसोटी होती. भागांना वजन किती द्यायचे हे ‘पार्शल’ हा शब्द सांगत नाही.

या शब्दाची ही उणीव दुसऱ्या महायुद्धातील एका मोहिमेत अधिक बोचरी दिसते. सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी नेदरलँड्समध्ये ‘मार्केट गार्डन’ ही मोहीम काढली. छत्रीधारी सैनिकांनी एकामागून एक पूल घ्यायचे आणि त्यांवरून रणगाड्यांनी ऱ्हाइन नदीपलीकडे जायचे, अशी ती योजना होती. नायमेखनचा पूल हाती आला. शेवटचा, आर्नहेमचा, आला नाही. मोहिमेची योजना मांडणारे ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी पुढे ही मोहीम ९० टक्के यशस्वी झाल्याचे म्हटले. पुलांची मोजदाद केली तर हिशेब फारसा चुकीचा नाही, पण बाकीचे सारे पूल शेवटच्या पुलापर्यंत पोहोचण्यासाठीच घ्यायचे होते. जेथे शेवटचा तुकडा हाच हेतू असतो, तेथे ‘पार्शल सक्सेस’ हे वर्णन व्याकरणाने बरोबर आणि अर्थाने फसवे ठरते.

‘लिमिटेड’साठी भाषेच्याच प्रांतातले उदाहरण अधिक बोलके आहे. १८८७ मध्ये वॉर्सा येथे झामेनहॉफ यांनी एस्पेरांतो ही रचलेली भाषा प्रसिद्ध केली. साऱ्या जगाची ती दुसरी भाषा व्हावी, ही त्यांची इच्छा होती. आज जगातल्या अनेक देशांत ती बोलणारे लोक आहेत, तिच्यात साहित्य आहे, काही घरांत तर मुले ती जन्मापासून ऐकत वाढतात. रचलेल्या भाषांमध्ये तिच्या तोडीची दुसरी नाही. परंतु जगाची दुसरी भाषा ती झाली नाही आणि तिने उद्दिष्टाचा अमुक एक भाग गाठला असेही म्हणता येत नाही. अमुक खंडात ती रुजली आणि तमुक खंडात राहिली, असा हा प्रकार नाही. जेथे पोहोचली तेथे सर्वत्र ती विरळच राहिली. म्हणून तिच्याबाबत ‘लिमिटेड सक्सेस’ म्हणणे योग्य आणि ‘पार्शल’ म्हणणे विचित्र.

वाक्यातली जागाही या दोघांना वेगवेगळी लागते. ‘पार्शल सक्सेस’ बहुधा नामासारखा एकटा उभा राहतो आणि त्याच्याआधी ‘अ’ हे उपपद सहज येते: ‘द मिशन वॉज अ पार्शल सक्सेस’. ‘लिमिटेड सक्सेस’ मात्र बहुतेक वेळा ‘विथ’चे बोट धरून वाक्याच्या शेवटी येतो: ‘दे ट्राइड टु रिव्हाइव्ह द ट्रेड, विथ लिमिटेड सक्सेस’. ही शेवटची जागा महत्त्वाची आहे. प्रयत्नाचे वर्णन आधी होते आणि स्वल्पविरामानंतर हळूच निकाल सांगितला जातो. शिष्टाचार म्हणून ‘फेल्युअर’ हा शब्द टाळायचा असतो, तेव्हा तो याच जागी टाळला जातो. त्याच जागी ‘विथ सम सक्सेस’ आले, तर निकाल तोच असूनही बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो: ‘सम’ने तो जे मिळाले त्याकडे पाहत असतो आणि ‘लिमिटेड’ने जे मिळाले नाही त्याकडे.

आता भाषांतराची खरी अडचण. इंग्रजी हा सारा भार विशेषणावर टाकते. मराठी तो भार क्रियापदावर आणि ‘च’सारख्या एका अक्षरावर टाकते. ‘थोडे यश आले’ आणि ‘थोडेच यश आले’ यांत मोजमाप एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात निराशा आहे. इंग्रजीत नेमके हेच काम ‘अ’ हे उपपद करते: ‘अ लिटल सक्सेस’ म्हणजे थोडेफार यश, आणि ‘अ’ काढून टाकलेले ‘लिटल सक्सेस’ म्हणजे जवळजवळ नाहीच. आपल्याकडे विद्यार्थी उपपदे गाळतात म्हणून शिक्षक रागावतात. येथे ते गाळल्याने वाक्य उलटते, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. ‘लिटल सक्सेस’चे प्रामाणिक मराठी रूप ‘अल्प यश मिळाले’ असे नसून ‘फारसे यश आले नाही’ असे नकारार्थी आहे. ‘लिमिटेड सक्सेस’लाही ‘यश बेताचेच आले’ किंवा ‘अपेक्षेइतके यश आले नाही’ हेच शोभते. ‘मर्यादित यश मिळाले’ या वाक्यात विशेषण उणे असले, तरी ‘मिळाले’ हे क्रियापद इतके समाधानी आहे की वाचक टाळ्या वाजवायला तयार होतो. याउलट ‘पार्शल’साठी ‘अंशतः यशस्वी’ हे रूप व्यवस्थित चालते, विशेषतः पुढच्या वाक्यात कोणता अंश ते सांगितले असेल तर.

याच कुटुंबातल्या आणखी दोघांचा केवळ उल्लेख करतो. ‘मिक्स्ड सक्सेस’ म्हणजे संमिश्र यश, येथे मराठी बिनतक्रार चालते. ‘क्वालिफाइड सक्सेस’ मात्र सापळा आहे. तेथे ‘क्वालिफाइड’चा पात्रतेशी संबंध नसून ‘यश म्हणा, पण काही किंतु ठेवून’ असा अर्थ आहे. त्याचे ‘पात्र यश’ असे भाषांतर मी छापील पानावर पाहिले आहे आणि ते करणाऱ्याने क्षणभरही थांबून स्वतःला प्रश्न विचारला नसावा, याची मला खात्री आहे.

काळ मात्र या कुटुंबातला कोणताही शब्द सांगत नाही. भारतात हिवतापाचे रुग्ण १९६५ पर्यंत सुमारे १ लाखावर आले होते आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. हिवताप हटवण्याच्या त्या मोहिमेला ‘पार्शल’ म्हणा किंवा ‘लिमिटेड’, यश आले होते आणि टिकले नाही, ही मुख्य गोष्ट दोन्हींतून निसटते. तेथे सरळ वाक्यच लिहावे लागते.

त्या अहवालात मी बंधाऱ्यांचे काम ‘अंशतः यशस्वी’ केले आणि पुढे कोणते बंधारे पाणी धरतात ते मूळ मजकुरातूनच उचलून लिहिले. विहिरींच्या वाक्याला ‘या प्रयत्नाला अपेक्षेइतके यश आले नाही’ असे केले. दोन दिवसांनी संस्थेतून फोन आला. बंधाऱ्यांबद्दल काहीच तक्रार नव्हती. विहिरींचे वाक्य मात्र जरा कडक होत नाही का, असे पलीकडच्या बाईंनी विचारले, आणि मी मूळ इंग्रजी वाक्य त्यांना वाचून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मराठी राहू द्या तसेच. इंग्रजीत आम्ही ‘सम’ करून घेतो.”