इलेक्ट्रिक गिटारचे पुनर्रंगकाम

इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीवरचा जुना लेप काढून लाकूड उघडे करणे आणि त्यावर नवा रंग किंवा पारदर्शक लेप चढवणे म्हणजे तिचे पुनर्रंगकाम. हे काम घरीही करता येते. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६८ मध्ये आपापल्या एपिफोन कसिनो गिटारींवरचा लेप काढून त्यांचे लाकूड मोकळे केले होते. मात्र जुन्या, संग्राह्य गिटारचा मूळ रंग उतरवला की तिची किंमत बरीच घटते आणि ती नव्या रंगाने भरून निघत नाही; अशा गिटारला हात न लावणेच योग्य.

सगळी पद्धत जुना लेप कोणता आहे यावर ठरते. १९५० च्या दशकात फेंडर आणि गिब्सन या कंपन्या प्रामुख्याने नायट्रोसेल्युलोज लॅकर (द्रावक उडून गेल्यावर कडक होणारा चकचकीत लेप) वापरत. हे लॅकर अ‍ॅसिटोनमध्ये किंवा थिनरमध्ये विरघळते. नंतर रूढ झालेले पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनचे लेप वाळताना रासायनिक बंधांनी घट्ट होतात, त्यामुळे थिनरला ते दाद देत नाहीत. पिकगार्डखालच्या (तारांजवळ बॉडीवर बसवलेल्या संरक्षक पट्टीखालच्या) झाकलेल्या जागी अ‍ॅसिटोनचा बोळा टेकवून पाहावा. लेप चिकट झाला तर तो बहुधा लॅकरचा समजावा. जाड पॉलिस्टर हीट गनने मऊ करून, फुगू लागताच त्याखाली पट्टी सरकवून सोलावे लागते. गन एका जागी थांबली तर लाकूड करपते आणि बॉडीच्या जोडलेल्या तुकड्यांमधले डिंकाचे सांधेही सैल पडू शकतात. तोच लेप यंत्राने घासून काढू गेल्यास धूळ अतोनात होते, शिवाय बॉडीच्या कडा आणि वळणे आपला आकार गमावतात. पूर्वी सर्रास वापरली जाणारी मिथिलीन क्लोराइडयुक्त रंगनाशके बंद जागेत जीवघेणी ठरू शकतात; अमेरिकेने २०१९ मध्ये ग्राहकांना त्यांची विक्री करण्यास बंदी घातली.

केवळ रंग बदलायचा असेल, तर लाकडापर्यंत जाण्याची गरजच नसते. जुना लेप पक्का धरून असल्यास त्यावर ३२० क्रमांकाचा पॉलिश पेपर फिरवून, अस्तर देऊन नवा रंग बसवता येतो, आणि बहुतेकांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा आहे. अपारदर्शक रंगाखाली काय दडले आहे हे आधी सांगता येत नाही: अनेक तुकडे जोडलेली बॉडी, भरलेली लांबी (पुट्टी) किंवा वर डकवलेला व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, जो थोड्या घासण्यानेही फाटतो. पिकअपच्या (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाच्या) खाचांमध्ये डोकावल्यास याचा थोडाफार अंदाज येतो.

उघडे लाकूड रेषांच्या दिशेनेच, १२० क्रमांकापासून २२० किंवा ३२० पर्यंत टप्प्याटप्प्याने घासतात. एखादा टप्पा गाळला तर त्याचे ओरखडे रंगाखालून हमखास उठून दिसतात. महोगनी आणि अ‍ॅश यांची छिद्रे उघडी असल्याने ती फिलरने, म्हणजे छिद्रे बुजवणाऱ्या लेपाने, भरावी लागतात. आल्डर आणि मेपल यांना सहसा ते लागत नाही. त्यानंतर लाकूड बंद करणारा सीलर, अपारदर्शक रंग हवा असल्यास अस्तर, मग रंगाचे आणि शेवटी पारदर्शक लेपाचे पातळ हात. लॅकरचा प्रत्येक नवा हात खालच्या थरात विरघळून एकजीव होतो. दमट हवेत तो पांढुरका पडतो, तर सिलिकोनयुक्त पॉलिशचा अंश राहिला असल्यास त्यावर गोल खड्डे उमटतात. लॅकरला टणक होण्यास तीन-चार आठवडे लागतात आणि तोपर्यंत त्याची अंतिम घासाई करू नये. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमधील आयसोसायनेट श्वसनमार्गास अपायकारक असल्याने ते घरी फवारू नये.

अंतिम घासाईत १००० ते २००० क्रमांकाचे पेपर ओले करून वापरतात, पण पाणी स्क्रूच्या भोकांत शिरले तर लाकूड फुगून भोवतालचा लेप तडकतो. नेक (गिटारची लांब मान) जिथे बसतो ती खाच सुरुवातीपासूनच चिकटपट्टीने झाकलेली असावी, कारण तिथे घासल्यास नेकचा कोन बिघडतो आणि रंगाचा थर चढल्यास नेक नीट बसत नाही. जोडणी करताना ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाला) जाणारी अर्थिंगची तार पुन्हा घट्ट टेकली आहे ना हे पाहावे लागते; ती सुटली तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घरघर ऐकू येते आणि तारांवर हात ठेवला तरी ती थांबत नाही.