उष्ट्यावर जगणारा राखणदार

शिकागो विद्यापीठात काही उंदीर प्लास्टिकच्या बंद कक्षात जन्मतात आणि तिथेच वाढतात. आत येणारी हवा गाळलेली, पाणी आणि खाणं निर्जंतुक केलेलं. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. तिथल्या संशोधक कॅथरिन नॅगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांच्या पोटात तान्ह्या बाळांच्या शीमधले जिवाणू सोडले. आठ बाळं होती: चार निरोगी, चार गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेली. मग उंदरांना दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन दिलं.

अ‍ॅलर्जीचा जोराचा झटका आला की उंदराचं अंग गार पडू लागतं, म्हणून शास्त्रज्ञ त्याचं तापमान मोजतात. ज्यांच्या पोटात जिवाणूच नव्हते ते उंदीर गारठले. अ‍ॅलर्जीवाल्या बाळांचे जिवाणू मिळालेलेही गारठले. निरोगी बाळांचे जिवाणू मिळालेले मात्र सुरक्षित राहिले. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात एका जिवाणूचं नाव ठळकपणे पुढे आलं: अ‍ॅनेरोस्टाइप्स कॅके. हा एकटा जिवाणू दिला तरी उंदरांचं रक्षण झालं.

तो क्लॉस्ट्रिडिया या गटातला. धनुर्वाताचा जिवाणूही याच गटात मोडतो, त्यामुळे गटाचं नाव बदनाम आहे. पण यातले कितीतरी जिवाणू आपल्या आतड्यात निमूटपणे नांदतात आणि त्यांच्याशिवाय आपलं अडतं.

अडतं कसं, ते बघू. आतड्याचं अस्तर पेशींच्या जेमतेम एका थराचं असतं. एका बाजूला अन्न आणि जिवाणूंची गर्दी, दुसऱ्या बाजूला प्रतिकारशक्तीच्या पेशी. न पचलेलं प्रथिन या थरातून जास्त प्रमाणात आत शिरलं, तर ते शत्रू ठरण्याचा धोका वाढतो. नॅगलर यांच्याच गटाने २०१४ मध्ये शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर प्रयोग करताना दाखवलं होतं, की क्लॉस्ट्रिडिया असले की आतड्यातल्या प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-२२ नावाचा रेणू जास्त तयार करतात. त्यामुळे अस्तराची वीण घट्ट होते आणि शेंगदाण्याचं प्रथिन रक्तात कमी उतरतं. याशिवाय या गटातले बरेच जिवाणू ब्युटिरेट हे आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन, आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींनाही त्याने बळ मिळतं.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती जिवाणूंची पंगत. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या खातात बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. खाऊन ते लॅक्टेट आणि अ‍ॅसिटेट ही आम्लं मागे टाकतात आणि त्या उष्ट्यावर अ‍ॅनेरोस्टाइप्स जगतो, ब्युटिरेट बनवतो. म्हणजे आईचं दूध बाळाबरोबर बाळाच्या राखणदारांनाही पोसत असतं. जन्मानंतर लगेच दिलेल्या प्रतिजैविकांनी ही पंगत उधळते. २०१४ च्या प्रयोगात अशी प्रतिजैविकं दिलेल्या उंदरांमध्ये शेंगदाण्याविरुद्धची प्रतिक्रिया वाढली होती. बाळाला खरोखर गरज असेल तेव्हा प्रतिजैविक द्यायलाच हवं. साध्या सर्दीला ते मागून घेऊ नये.

बाळाला दूध बाधलं की आपल्याकडे पहिली चौकशी आईच्या ताटाची होते. आईने प्यायलेल्या दुधातली प्रथिनं अंशतः अंगावरच्या दुधात उतरतात, हे खरं. म्हणून काही वेळा डॉक्टर आईचंही दूधदुभतं बंद करायला सांगतात. पण तेच दूध पिऊन हजारो मुलं ठणठणीत असतात. आईला दोषी धरणं अन्यायाचं आहे.

दुसरी घाई दुधाच्या अदलाबदलीची. गाईचं सोसलं नाही तर म्हशीचं किंवा शेळीचं द्या, असा सल्ला घरोघरी मिळतो. या दुधांमधली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की बहुतेक अ‍ॅलर्जिक बाळांना तीही बाधतात. दही चाटवूनही उपयोग नाही. विरजणाने लॅक्टोज ही दुधातली साखर कमी होते, प्रथिनं राहतातच. लॅक्टोज न पचणं ही वेगळी तक्रार, त्यात पोट बिघडतं. अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठू शकतात, ओठ सुजू शकतात, श्वास अडकू शकतो. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा.

उंदरांवरून बाळांबद्दल किती बोलायचं? २०१६ मध्ये अमेरिकेत दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या २२६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची अ‍ॅलर्जी आठव्या वर्षापर्यंत गेली, त्यांच्या तीन ते सहा महिन्यांच्या वयातल्या शीमध्ये क्लॉस्ट्रिडिया जास्त आढळले होते. सहा महिन्यांनंतर घेतलेल्या नमुन्यांत असा संबंध दिसला नाही. म्हणजे संधीची खिडकी उघडी असते ती बहुधा तेवढ्या सुरुवातीच्या महिन्यांतच.