झोपलेल्या सर्व्हरमध्ये जागं कोण असतं?

रात्री झोपायला जाताना अण्णा रोज विचारायचे, "सगळं बंद केलंय म्हणतोस, मग तो हिरवा दिवा कशाला लुकलुकतोय?" आणि माझं उत्तर यायच्या आत बोर्डावरचं बटण खाली पडलेलं असायचं.

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या घरी टीव्हीच्या कपाटात एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. अण्णांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली नाट्यपदं आणि अभंग, लग्नकार्यांचे व्हिडिओ, पंचवीस वर्षांचे फोटो, मुलांचे सिनेमे, सगळं त्यात आहे. टीव्ही, फोन, स्वयंपाकघरातला स्पीकर हे सगळे वायफायवरून त्याच्याकडे मागतात आणि तो देतो. अशा संगणकाला मीडिया सर्व्हर म्हणतात. त्यावर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा एखादा प्रोग्राम चालू असतो. दिवसातून फार तर पाच तास त्याला काम असतं. उरलेले एकोणीस तास त्यानं काय करावं, हा आमच्या घरातला वाद.

आधी हिशेब. प्लगला वीजमापक लावून पाहिलं तर हा संगणक जागेपणी साधारण 40 वॅट खातो. चोवीस तास चालू ठेवला तर रोजचं जवळपास एक युनिट. पाच तास जागा आणि बाकी वेळ 2 वॅटवर झोपलेला, असं केलं तर रोज पाव युनिटाच्याही आत. महिन्याला जवळजवळ 22 युनिटांचा फरक. ज्या घराचं बिल शंभर युनिटांच्या उंबरठ्यावर असतं, तिथे हे 22 युनिट चढ्या दराच्या टप्प्यात जाऊन पडतात.

सांगलीत बसून विजेचा हिशेब करायचा तर तो पाण्यातही करावा, असं मला वाटतं. कोयनेचं धरण शेजारच्या सातारा जिल्ह्यात. ही नदी कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी आपल्या घाटावर येतं. पण पोफळीच्या वीजघराकडे सोडलेलं पाणी सह्याद्री ओलांडून, साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडून कोकणात जातं. एवढ्या उंचीवरून पडणारं एक लिटर पाणी सुमारे साडेचार हजार जूल ऊर्जा देतं, आणि एक युनिट म्हणजे 36 लाख जूल. यंत्रांतली थोडी घट धरली तर एका युनिटाला साडेआठशे लिटरच्या वर पाणी लागतं. आपल्या घरातली सगळी वीज काही कोयनेची नसते. पण तेवढ्यापुरतं तसं मानलं, तर ते 22 युनिट म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. दुष्काळी जत-आटपाडीकडच्या माणसाला दोन टँकर म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही.

म्हणजे रात्रभर चालू ठेवू नये, हे अण्णांचं म्हणणं बरोबरच होतं. चूक होती ती बटणात.

संगणकाची झोप आणि संगणक बंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 मध्ये एसीपीआय नावाचं, संगणकाच्या वीजवापराचं मानक आणलं. त्यात या अवस्थांना आकडे दिले आहेत. एस-0 म्हणजे पूर्ण जागा. एस-3 म्हणजे आपण ज्याला स्लीप म्हणतो ती झोप: प्रोसेसर, पंखे, डिस्क सगळं थांबतं, फक्त मेमरी जिवंत राहते. एस-4 म्हणजे हायबरनेट, मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून ठेवून वीज सोडून देणं. एस-5 म्हणजे शटडाउन. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत एस-3 च्या जागी मॉडर्न स्टँडबाय नावाची वेगळीच, फोनसारखी डुलकी असते. सर्व्हरसाठी मला जुना डेस्कटॉप आवडतो, त्याचं हे एक कारण.

एस-3 मध्ये मेमरीला जागं का ठेवावं लागतं? रॅमची, म्हणजे याच मेमरीची, आजची रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचं पेटंट 1968 चं. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारी घागर. भरून ठेवली तरी क्षणात रिकामी व्हायला लागते. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ साधारण 64 मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते, सेकंदाला पंधरा वेळा. संगणक झोपला की हे पाणी भरण्याचं काम रॅमच्या चिपा स्वतःच करू लागतात. लुकलुकणारा हिरवा दिवा सांगत असतो की घागरी भरणं चालू आहे. बोर्डावरचं बटण बंद केलं की त्या रिकाम्या होतात आणि सकाळी सर्व्हरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरं जागं राहतं ते नेटवर्क कार्ड. बंद दिसणाऱ्या डेस्कटॉपलाही त्याचा पॉवर सप्लाय 5 व्होल्टची एक बारीक धार देत असतो, आणि तिच्यावर हे कार्ड दाराशी कान लावून बसतं. घरातून कोणी मॅजिक पॅकेट, म्हणजे उठवण्याचा ठरावीक संदेश, पाठवलं की ते संगणकाला उठवतं. या पॅकेटची रचना मला फार आवडते. आधी सहा वेळा 255 हा आकडा, मग त्या कार्डाचा सहा बाइटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, सलग सोळा वेळा. एकूण 102 बाइट. झोपलेल्या संगणकाला आयपी पत्ता, पासवर्ड, प्रोग्राम यातलं काही कळत नसतं. कळतं ते फक्त आपलं नाव. म्हणून घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायची आणि एकच नाव सोळा वेळा घ्यायचं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या माहितीत ते योगायोगानं जुळून येण्याचा प्रश्नच उरत नाही. फोनवर यासाठी फुकट ॲप मिळतात. सर्व्हर मात्र राउटरला केबलनं जोडलेला असावा, वायफायवरून उठवणं बेभरवशाचं. बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी मुळाच्या सेटिंगांत, वेक ऑन लॅन ही हाकेनं उठण्याची सोय चालू करावी लागते. विंडोज असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करावं, कारण त्यात शटडाउन केलेला संगणक खरं तर अर्धवट हायबरनेटमध्ये असतो आणि हाकेला ओ देत नाही.

डिस्कची झोप मात्र वेगळी, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. आमच्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला 5,400 फेरे घेते. म्हणजे तिची कड ताशी जवळपास 97 किलोमीटरनं धावत असते, आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. डिस्क थांबवायची तर ते डोकं आधी बाजूच्या उतारावर नेऊन ठेवावं लागतं. पुन्हा सुरू करताना थांबलेलं चाक ढकलावं लागतं. फिरत असताना 4-5 वॅट खाणारी डिस्क त्या काही सेकंदांत 20 वॅटच्या वर जाते. मी बचतीच्या उत्साहात डिस्कची झोप पाच मिनिटांवर ठेवली होती. आई एक अभंग ऐकून भाजी निवडायची, मग दुसरा लावायची. दर वेळी डिस्क थांबून पुन्हा सुरू. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या 'स्मार्ट' नोंदीत स्टार्ट-स्टॉपचा आकडा पाहिला तेव्हा दिवसाला चाळीसच्या घरात जात होता. अनेक डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात ही मर्यादा 50,000 दिलेली असते. चाळीसच्या हिशेबानं ती साडेतीन वर्षांत संपली असती.

आता मी एक तास ठेवला आहे. लिनक्सवर एचडीपार्म हा प्रोग्राम त्यासाठी वापरतात, आणि त्यात एक खाच आहे: 1 ते 240 हे आकडे पाच-पाच सेकंदांचे, तर 241 ते 251 हे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. 240 म्हणजे वीस मिनिटं, 241 म्हणजे थेट तीस, 242 म्हणजे एक तास. शिवाय जेलीफिनची नोंदवही, म्हणजे गाण्यांची यादी आणि चित्रं, मी छोट्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर, हलवली. नुसती यादी चाळायला मोठी डिस्क उठत नाही.

सगळ्यांना पडणारा घोळ म्हणजे सिनेमा चालू असताना मध्येच सर्व्हर झोपणं. साध्या संगणकाच्या दृष्टीनं कीबोर्ड आणि माउस हलला तरच माणूस आहे. समोरच्या खोलीत सहा माणसं टीव्ही बघत बसलीत, हे त्याला दिसत नाही. सर्व्हरच्या प्रोग्रामनं 'मी कामात आहे' असं सांगावं लागतं. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी ही आज्ञा रिक्वेस्ट्स या पर्यायासह चालवली की कोण संगणकाला जागं ठेवतंय ते दिसतं. सिनेमा चालू असताना तिथे कोणाचंच नाव नसेल, तर झोपेची वेळ सिनेमापेक्षा लांब ठेवा, तीन तास.

लाईट जाण्याचं काय? वळवाच्या पावसात आमच्याकडे ती जातेच. एस-3 मधल्या संगणकासाठी लाईट जाणं आणि अण्णांचं बटण एकच. त्यासाठी हायब्रिड स्लीप आहे: मेमरी जागी ठेवायची आणि तिची एक प्रत डिस्कवरही लिहायची. छोटा यूपीएस असेल तर उत्तमच. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं हा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन'वर ठेवावा. अनेक मदरबोर्डांत, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डांत, लाईट जाऊन आली की एकदा पूर्ण सुरू झाल्याशिवाय नेटवर्क कार्ड हाक ऐकतच नाही.

तिसरं जागं राहतं ते घड्याळ. मदरबोर्डवर एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक सेकंद. या घड्याळात गजर लावता येतो आणि ठरल्या वेळी झोपलेला सर्व्हर उठतो. अण्णांना पहाटे पाचला भूपाळी हवी असते. मी गजर पाचचा लावला आणि सर्व्हर उठला साडेदहाला. लिनक्स हे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि आपण साडेपाच तास पुढे. मग गजर आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराचा केला, ग्रीनिचच्या हिशेबानं, आणि पहाटे बरोबर पाचला भूपाळी लागली. त्या दिवसापासून अण्णांनी बोर्डाचं बटण सोडलं.

गेल्या महिन्यात एकदा पहाटे सर्व्हर उठला नाही. "आज गप्प का?" अण्णांनी विचारलं. रात्री दोन तास लाईट नव्हती, आणि तेवढा वेळ घड्याळाला जगवणारी 3 व्होल्टची सीआर-2032 ही बटणासारखी बॅटरी दहा वर्षांची झाली होती. मापून पाहिली तर 2.4 व्होल्ट. नवी बसवली, वेळ लावली, गजर पुन्हा पहाटे पाचला वाजेल असा लावला.