जास्त धावलेल्या गाडीतील ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलणे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले जुने तेल (एटीएफ) काढून नवे भरणे हे एरवी देखभालीचे साधे काम. पण गाडी दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली असेल आणि तेल एकदाही बदललेले नसेल, तर त्याच कामाची भीती वाटू लागते. ‘आता हात लावू नका, तेल बदलले की गिअरबॉक्स जातो’ हा सल्ला अनेक मेकॅनिक मनापासून देतात. त्यांनी तसे गिअरबॉक्स गेलेले पाहिलेले असतात. दोष मात्र नव्या तेलाचा क्वचितच असतो. ही नोंद टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या पारंपरिक गिअरबॉक्सपुरती आहे. सीव्हीटी (पट्टा-पुलीवर चालणारा) आणि डीसीटी (दोन क्लचचा) या प्रकारच्या गिअरबॉक्सची तेले वेगळी असतात, ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

एटीएफ हे निव्वळ वंगण नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेच पुढे पोचवते, पंपाच्या दाबाने व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाला वाट देणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातल्या) अरुंद वाटांतून जाऊन क्लच प्लेटा आवळते आणि शिवाय उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. क्लच प्लेटा याच तेलात भिजलेल्या असतात. त्यामुळे तेलाने गिअर आणि बेअरिंगची झीज रोखायची, पण प्लेटांना धरही घेऊ द्यायचा, अशी दुहेरी कसरत असते. ती साधण्यासाठी तेलात घर्षण-नियंत्रक रसायने घातलेली असतात. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक यंत्रणा. ती १९४० सालच्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. याच कंपनीने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे एटीएफचे मानक ठरवले. त्या काळी घर्षण-नियंत्रक म्हणून स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेल बनवणाऱ्यांना पर्यायी रसायने शोधावी लागली.

तेल म्हातारे होते ते मुख्यतः उष्णतेने. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून सतत चढ, ओझे किंवा रहदारीची कोंडी सोसणाऱ्या गाडीचे तेल मोकळ्या महामार्गावर धावणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी आधी थकते. घर्षण-नियंत्रक संपत आले की त्याचे एक ठळक लक्षण दिसते. बऱ्याच गाड्यांत ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान, ॲक्सिलरेटर हलकाच दाबलेला असताना, रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवरून जावे तशी थरथर काही क्षण जाणवते. टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) नीट धरत नाही, धरतो-सुटतो, त्याची ही थरथर. अनेकदा इंजिनाचे मिसफायर समजून प्लग आणि कॉइल बदलले जातात आणि दुखणे तसेच राहते. क्लच फार झिजलेला नसेल तर योग्य तेल भरल्यावर ही थरथर पुष्कळदा थांबते.

‘लाइफटाइम फिल’, म्हणजे कधीच बदलावे न लागणारे तेल, हा काही कार उत्पादकांचा दावा जपून घ्यावा. ज्यांचे गिअरबॉक्स अनेक कार कंपन्या बसवतात त्या जर्मनीच्या झेडएफने स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस केलेली आहे.

मग तेल बदलल्यावर गिअरबॉक्स जातो कसा? सगळ्यात मोठे कारण म्हणजे मालकाला तेलाची आठवणच तेव्हा होते जेव्हा गिअर घसरू लागलेला असतो. प्लेटांवरचे अस्तर आधीच संपलेले असते, नवे तेल ते परत आणू शकत नाही, आणि चार दिवसांनी गिअरबॉक्स बंद पडला की बोट तेलाकडे जाते. दुसरे कारण यंत्राने केलेले प्रेशर फ्लशिंग, म्हणजे दाबाने तेल ढकलून जुने तेल बाहेर काढणे. वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसलेला गाळ त्याने सुटतो आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा बारीक व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकू शकतो. चुकीच्या दर्जाचे तेल आणि चुकलेली पातळी ही उरलेली कारणे, आणि तीही दुर्मीळ नाहीत.

म्हणून आधी गाडी चालवून पाहावी आणि थोडे तेल पांढऱ्या कागदावर घ्यावे. नुसते तपकिरी तेल असेल आणि गिअर वेळेवर पडत असतील तर बदलायला हरकत नाही. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये. काळे पडलेले, जळका वास येणारे तेल आणि सोबत घसरणारा गिअर असेल तर तेलावर खर्च करण्यात अर्थ नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागेल. गुलाबी दुधट तेल दिसले तर कूलर फुटून त्यात कूलंट शिरले असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) काढल्यावर आतल्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असतोच, ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे धातूचे तुकडे मात्र नसावेत.

जास्त धावलेल्या गाडीला सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे ड्रेन बोल्टमधून गळेल तेवढेच काढणे आणि तेवढेच भरणे. अशा वेळी साधारण एक तृतीयांश ते निम्मे तेल निघते, बाकीचे कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. दर वेळी ४० टक्के निघते असे धरले, तर मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवून तीनदा बदलल्यावर सुमारे ७८ टक्के तेल नवे होते. कामाला थोडा जास्त वेळ लागतो, तेलही जास्त लागते, पण जुन्या गाडीसाठी हाच मार्ग निवडावा. शक्य असेल तिथे पॅन उतरवून फिल्टर आणि गॅस्केटही बदलावे.

ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी भरायचा प्लग सुटतो याची खात्री करावी. तो जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवरच अडकते. निघालेले तेल मोजावे. तेलाचे मानक मॅन्युअलमध्ये दिलेलेच हवे. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ छापलेले असणे पुरेसे नाही.

शेवटी पातळी. ब्रेक दाबून लीव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद ठेवावा, मग मॅन्युअल सांगेल त्या तापमानाला पातळी पाहावी, कारण तापल्यावर तेल प्रसरण पावते. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत बंद करून. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ठरलेल्या तापमानाला पातळीच्या प्लगमधून तेलाची बारीक धार थांबत येते, तेव्हा पातळी बरोबर असते. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो. जास्त झाले तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो. दोन्ही वेळा तेलाचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो.