पार्श्वभूमी : सेल्युलर जेलच्या सातपैकी तीन विंग कशा उरल्या

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये शिरला की बहुधा थेट तिसऱ्या मजल्यावरची सावरकरांची कोठडी गाठतो. ते साहजिकच आहे. पण तिथे '१८५७च्या बंडवाल्यांनाही इथेच डांबलं होतं' असं सर्रास ऐकू येतं, त्यात तथ्य नाही.

बंडातल्या दोनशे कैद्यांना घेऊन ब्रिटिश अधिकारी डॉ. जेम्स वॉकर १० मार्च १८५८ रोजी अंदमानात उतरला, तेव्हा तिथे तुरुंगच नव्हता. होतं ते जंगल, हिवताप आणि चहूकडे समुद्र. कैद्यांनीच झाडं तोडायची आणि साहेबांसाठी रॉस बेटावर बंगले बांधायचे. बेट हाच तुरुंग. पळून जाऊन पुन्हा सापडलेल्या ऐंशीवर कैद्यांना वॉकरने फासावर चढवलं. पुढे १८७२ मध्ये शेर अली आफ्रिदी या जन्मठेपेच्या कैद्याने खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला.

तरीही या इमारतीमागचं कारण वेगळंच होतं. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी पाहणीला आले. त्यांचा निष्कर्ष असा, की काळ्या पाण्याचा धाकच उरलेला नाही. कैदी हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा अंदमान पत्करतात. तेव्हा आल्याआल्या काही महिने त्यांना एकांतात पिळून काढावं, अशी शिफारस झाली. सेल्युलर जेल ही ती शिफारस विटांत उतरवलेली. १८९६ ला काम सुरू झालं, १९०६ ला पुरं झालं. विटा ब्रह्मदेशातून आल्या, मजूर मात्र कैदीच.

मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली विंग फुटल्या होत्या. सुमारे सातशे कोठड्या, सामायिक बराक एकही नाही. एका विंगचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या गजांआडून कुणी खूणसुद्धा करू नये. बाबाराव सावरकर आधीपासून तिथे होते आणि जुलै १९११ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ तात्याराव, म्हणजे विनायक सावरकर, आले. एकाच तुरुंगात असूनही भावाभावांची भेट व्हायला बराच काळ जावा लागला. दिवसभर काथ्या कुटायचा, नाहीतर कोलू (तेलाचा घाणा) ओढून तीस पौंड खोबरेल काढायचं. बंगाली राजबंद्यांपैकी इंदुभूषण रॉयने १९१२ मध्ये गळफास लावून घेतला, उल्लासकर दत्तला वेड लागलं. कोठडीच्या आराखड्याने काय साधलं, ते या दोन नावांत कळतं.

१९२१ च्या सुमारास राजबंदी परत पाठवले गेले. १९३२ पासून मात्र चितगावच्या उठावातले आणि इतर क्रांतिकारक येऊ लागले. १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने दूध पाजताना महावीर सिंह, मोहन किशोर नमदास आणि मोहित मोइत्र दगावले. १९३७ ला पुन्हा मोठं उपोषण झालं आणि १९३८ च्या सुरुवातीला शेवटचे राजबंदी मायभूमीकडे निघाले.

त्यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९४१ च्या भूकंपाने इमारतीला तडाखा दिला. १९४२ मध्ये जपानी आले. त्यांनी याच कोठड्यांत स्थानिक माणसांचे हाल केले. पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग 'कालेपानी' त्या छळातच गेले. जपानी अंमलात आणि, सांगायला संकोच वाटतो, पण स्वातंत्र्यानंतरही पाडापाडी होऊन चार विंग गेल्या. आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभं राहिलं. उरलेल्या तीन विंग आणि मनोरा वाचला तो पुरातत्त्वाच्या प्रेमाने नव्हे. इथेच सजा भोगलेले क्रांतिकारक पाडकामाविरुद्ध उभे राहिले म्हणून. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केली.

मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं आहेत. बंगालची यादी सर्वांत लांब, आपली आखूड. सावरकरांवरून आपल्याकडे जेवढे वाद रंगतात, त्याच्या दशांशानेही ही बंगाली नावं आपण वाचत नाही. आणि ही यादी फक्त राजबंद्यांची. खून-दरोड्यांत जन्मठेप झालेले, ज्यांच्या हातांनी हा तुरुंग बांधला गेला, ते तिथे नाहीत. त्यांचे वंशज 'लोकल बॉर्न' म्हणून आजही अंदमानात राहतात.